वय वर्षे ५ ते ९

आमच्या घरी माळ्यावर एक जुनी सुटकेस आहे. तिच्यात माझा लग्नातला कोट आहे, बायकोची कॉलेजातली जर्नल्स आहेत आणि गेल्या दिवाळीपासून हॅरी पॉटरचा चौथा भाग होता. पहिल्या दोन गोष्टी विसरल्यामुळे तिथे गेल्या. तिसरी लपवल्यामुळे.

झालं असं, की आमच्या कन्यारत्नाने (वय वर्षे ९, इयत्ता चौथी) दिवाळीच्या सुट्टीत पहिले तीन भाग फस्त केले. फराळापेक्षा जास्त वेगाने. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर येऊन उभी. "बाबा, चौथा दे."

चौथा घरात होता. माझाच होता, नोकरीच्या पहिल्या वर्षी घेतलेला. पण त्याच्या शेवटी काय होतं ते मला आठवत होतं. (ज्यांनी वाचला नसेल त्यांनी हा परिच्छेद सोडून पुढे जा.) एक सज्जन, सरळ, सतरा वर्षांचा मुलगा एका स्मशानात एका क्षणात मरतो. काही चूक नसताना, काही कारण नसताना. आणि आमच्याकडे जूनमध्ये माझे वडील गेले होते. तेव्हापासून ही रात्री दिवा लावून झोपते.

"तो मोठ्यांसाठी आहे, दोन वर्षांनी वाच," असं सांगून मी वेळ मारून नेली. त्या रात्री पुस्तक माळ्यावर गेलं.

मग अर्थातच इंटरनेटवर शोधलं. एका ठिकाणी उत्तर मिळालं ८ वर्षांपासून पुढे. दुसऱ्या ठिकाणी १०. तिसऱ्या ठिकाणी १२. आता आमच्या धंद्यात कोडमध्ये कुणीतरी एखादा आकडा नुसताच लिहून ठेवलेला दिसला, की आम्ही त्याला 'मॅजिक नंबर' म्हणतो आणि पहिला प्रश्न विचारतो: हा आला कुठून? कुणी टाकला, कधी टाकला, काय विचार करून टाकला? जादूच्या पुस्तकांवरचे हे मॅजिक नंबर कुठून आले, याचा शोध घेण्यात माझे पुढचे चार शनिवार-रविवार गेले. त्याचीच ही गोष्ट.

*

मला सापडलेला सगळ्यात गोड आकडा १९३६ सालचा आहे. लंडनच्या जॉर्ज अ‍ॅलन अँड अन्विन या प्रकाशनसंस्थेकडे ऑक्सफर्डच्या एका प्राध्यापकाचं हस्तलिखित आलं होतं. प्राध्यापक जे. आर. आर. टॉल्किन, हस्तलिखित 'द हॉबिट'. प्रकाशक स्टॅन्ली अन्विन यांचं मत असं, की मुलांच्या पुस्तकाचे उत्तम परीक्षक म्हणजे मुलंच. म्हणून त्यांनी ते आपल्या १० वर्षांच्या मुलाला, रेनरला, वाचायला दिलं. लेखी अहवालाचे मानधन रोख १ शिलिंग. ऑक्टोबर अखेरीस रेनरसाहेबांनी अहवाल सादर केला. त्यात थोडक्यात कथानक, मग नकाशे असतील तर चित्रांची गरज नाही असा सल्ला, आणि शेवटी निष्कर्ष: पुस्तक चांगलं आहे आणि ५ ते ९ वर्षांच्या सगळ्या मुलांना आवडेल.

हे वाचून मी एकटाच हसत बसलो. परीक्षकाचं वय १०, आणि पुस्तक कुणासाठी, तर ५ ते ९! म्हणजे 'मला आवडलं, पण मी काही आता लहान नाही हं.' आमच्याकडे चौथीतल्या मुलीला एखादं पुस्तक आवडलं की ती म्हणते, "तिसरीतल्यांसाठी छान आहे." पुस्तकावरचा वयाचा आकडा पुस्तकाबद्दल जितकं सांगतो, तितकंच आकडा टाकणाऱ्याबद्दलही सांगतो. हा धडा पहिला.

'द हॉबिट' २१ सप्टेंबर १९३७ रोजी बाजारात आलं. पहिली आवृत्ती १५०० प्रतींची, ती डिसेंबरपर्यंत संपली. प्रकाशकाने पुढचा भाग मागितला. टॉल्किन लिहायला बसले आणि ते लिखाण हाताबाहेर वाढत गेलं. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' यायला १९५४ साल उजाडलं, आणि १९५५ पर्यंत तीन खंडांत ते पूर्ण झालं. पाहता पाहता लहान मुलांच्या पुस्तकाचा पुढचा भाग मोठ्यांचा होऊन बसला होता. आणि ते छापायचा आग्रह कुणी धरला? याच रेनरने. तो आता वडिलांच्या कंपनीत काम करत होता. त्याने वडिलांना कळवलं की यात हजार पौंडांचा तोटा होऊ शकतो, पण पुस्तक असामान्य आहे. वडिलांनी होकार दिला. एक शिलिंगाचा परीक्षक मोठा झाला आणि त्याच्याबरोबर पुस्तकही.

*

पण मुलांनी काय वाचावं ही काळजी रेनरच्या किती तरी आधीची आहे. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक १६९३ मध्ये शिक्षणावरच्या आपल्या पुस्तकात बजावतो, की नोकरमाणसांना मुलांच्या कानावर भुताखेतांच्या गोष्टी घालू देऊ नका, एकदा मनात शिरलेली भीती जन्मभर निघत नाही. त्याऐवजी इसापनीती द्या, चित्रांसकट.

पुढे १८०२ ते १८०६ या काळात सारा ट्रिमर नावाच्या बाईंनी लंडनमध्ये 'द गार्डियन ऑफ एज्युकेशन' हे नियतकालिक चालवलं. मुलांच्या पुस्तकांची पद्धतशीर परीक्षणं छापणारं इंग्रजीतलं हे पहिलंच नियतकालिक. बाईंना स्वतःची बारा मुलं, त्यामुळे त्यांच्या अनुभवाबद्दल शंका घ्यायचं कारण नाही. पण परीकथांशी त्यांचं उभं वैर. सिंड्रेलासारख्या गोष्टीवरसुद्धा त्यांच्या पानांत आक्षेप छापून आला. म्हणे त्यातून मुलं मत्सर, सावत्र आईचा द्वेष आणि नटण्यामुरडण्याची हौस शिकतात.

आणि मग येतात ग्रिम बंधू. याकोब आणि विल्हेल्म. १८१२ मध्ये त्यांच्या जर्मन लोककथांचा पहिला खंड आला. नाव 'मुलांच्या आणि घरगुती कथा', पण आत काय, तर विद्वानांसाठी टीपा आणि कहाण्या जशा मिळाल्या तशा. एका गोष्टीत तर मुलं खाटीकखाना-खाटीकखाना खेळतात आणि खेळता खेळता खरंच एकाचा गळा चिरतात. लोक भडकले. हे मुलांच्या हातात कसं द्यायचं?

ग्रिम बंधूंनी मग जे केलं त्याला आम्ही व्हर्जन कंट्रोल म्हणू. १८१२ ते १८५७ या काळात सात आवृत्त्या निघाल्या आणि प्रत्येकीत बदल. खाटीकखान्याची गोष्ट १८१९ च्या दुसऱ्या आवृत्तीतून गायब. पहिल्या आवृत्तीत हिमगौरीच्या जिवावर उठते ती तिची सख्खी आई. दुसऱ्या आवृत्तीपासून ती सावत्र होते. हान्सेल आणि ग्रेटेलला जंगलात सोडायला लावणारी आईही १८४० पर्यंत सावत्र झाली. रापुन्झेल आधी भोळेपणाने विचारते, की माझे कपडे अलीकडे घट्ट का होतायत? (मोठ्यांना कळलं असेलच.) पुढच्या आवृत्त्यांत हा प्रश्नच काढून टाकला.

गंमत अशी, की स्त्री-पुरुष संबंधांचा जिथे जिथे वास येत होता तिथे कात्री चालली, पण रक्तपात राहिला, कुठे कुठे वाढलासुद्धा. सिंड्रेलाच्या बहिणींचे डोळे कबुतरं टोचून काढतात, हा भाग १८१२ मध्ये नव्हता. तो १८१९ मध्ये आला. दुष्टांना जबर शिक्षा झालेली मुलांना दाखवणं तेव्हा संस्काराचं मानलं जाई. म्हणजे 'मुलांसाठी योग्य' याचा अर्थ काळानुसार बदलतो. आज मी रापुन्झेलच्या प्रश्नाला एकवेळ उत्तर देईन, पण डोळ्यांचा प्रसंग वाचताना अडखळेन. हा धडा दुसरा.

*

इथे मला आमचं लहानपण आठवलं. 'चांदोबा' यायचा. त्यात दर महिन्याला राजा विक्रम झाडावरून प्रेत उतरवून खांद्यावर टाकायचा आणि स्मशानाच्या वाटेने चालू लागायचा. अमावास्येची रात्र, कोल्हेकुई, आणि खांद्यावरचं प्रेत बोलायला लागतं! आम्ही पहिली-दुसरीत असताना हे वाचत होतो. कुणाही आईबापाने मुखपृष्ठावर वय शोधलं नाही. माझे वडील तर हीच गोष्ट नातीला झोपताना सांगायचे. वेताळाचा आवाज काढायचे, आणि ही पांघरूण डोक्यावर घेऊन "आजोबा, अजून एक" म्हणायची.

पण मग त्यावरून "आम्हाला कुठे काय झालं?" असा निष्कर्ष काढायचा मला मोह होत नाही. कारण ती गोष्ट आम्ही एकट्याने वाचत नव्हतो. शेजारी कुणीतरी असायचं. आवाज बदलणारं माणूसही तेच आणि दिवा लावणारंही तेच.

टॉल्किन यांनी मार्च १९३९ मध्ये स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठात परीकथांवर एक व्याख्यान दिलं होतं. त्यात ते म्हणतात, की परीकथा मुलांच्याच असतात हा निव्वळ योगायोग आहे. मोठ्यांना नकोसं झालेलं जुनं फर्निचर जसं मुलांच्या खोलीत जातं, तशा या कथा तिथे गेल्या. सगळी मुलं म्हणजे एकच जात, हेही त्यांना मान्य नव्हतं. आणि त्यांचा एक मुद्दा मला फार पटला: मुलांची पुस्तकं कपड्यांसारखी, वाढीला जागा ठेवलेली असावीत. आपल्या आया शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा शिवून घेत, तसंच. जूनमध्ये ढगळ वाटायचा, पण फेब्रुवारीत बरोबर बसायचा. फक्त इतका मोठा नको, की पायात अडकून पोर पडेल.

मोठ्यांचा अंदाज किती चुकू शकतो याचा एक नमुना. १९६३ मध्ये मॉरिस सेंडॅकचं 'व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर' हे चित्रपुस्तक आलं. रुसलेला मुलगा न जेवता खोलीत कोंडला जातो आणि राक्षसांच्या बेटावर जाऊन त्यांचा राजा होतो. १९६९ मध्ये ब्रूनो बेटेलहाइम या नामवंत बालमानसतज्ज्ञाने एका मासिकात त्यावर टीका केली, की उपाशी झोपवण्याने मुलं घाबरतील. पुस्तक स्वतः न वाचता, बरं का! आणि याच गृहस्थांनी १९७६ मध्ये परीकथांवर एक गाजलेलं पुस्तक लिहून सांगितलं, की राक्षस आणि चेटकिणी मुलांच्या मनातल्या भीतीला चेहरा देतात, म्हणून त्या हव्यात. धडा तिसरा: आधी स्वतः वाचा.

*

आता माळ्यावरच्या पुस्तकाकडे येऊ. हॅरी पॉटरच्या पहिल्या भागाला सुमारे डझनभर प्रकाशकांनी नकार दिला होता. ब्लूम्सबरीचे प्रमुख नायजेल न्यूटन यांनी त्याची सुरुवातीची पानं घरी नेली आणि आपल्या ८ वर्षांच्या मुलीला दिली. तिने वाचली आणि पुढचं मागितलं. (रेनरची आठवण झाली ना? साठ वर्षांनी परत तेच.) २६ जून १९९७ रोजी पहिला भाग आला.

या मालिकेत वयाची सोय आतच करून ठेवलेली आहे. पहिल्या भागात हॅरी ११ वर्षांचा होतो, प्रत्येक भागात एक वर्ष सरतं, आणि सातव्यात तो १७ चा होतो. सातवा भाग २००७ मध्ये आला. म्हणजे १९९७ मध्ये ८ वर्षांच्या असलेल्या मुलाला जुलै २००० मध्ये चौथा भाग मिळाला तेव्हा तो ११ चा होता, आणि शेवटचा मिळाला तेव्हा १८ चा. पुस्तक हळूहळू काळोखं होत गेलं, पण वाचणाराही वाढत गेला. प्रकाशनाची तारीख हीच वयाची अट होती! आता सगळे सात भाग कपाटात शेजारी शेजारी उभे असतात आणि चौथीतली मुलगी एका सुट्टीत तीन वर्षं ओलांडते. मूळ रचनेतला ब्रेक निघून गेलाय आणि तो आता आपल्यालाच हाताने लावावा लागतो.

तसा तो छापील लावायचा प्रयत्नही झाला. २००८ मध्ये ब्रिटनमधल्या प्रकाशकांनी ठरवलं, की मुलांच्या पुस्तकांवर ५+, ७+, ९+, ११+ आणि १३+ असे शिक्के मारायचे. हेतू वाईट नव्हता. भेट म्हणून पुस्तक घेणाऱ्या काका-मामांना सोपं जावं, एवढाच. पण फिलिप पुलमन यांच्यासकट शेकडो लेखक विरोधात उभे राहिले. त्यांचा मुद्दा साधा होता. जो अकरा वर्षांचा मुलगा अडखळत वाचतो, त्याच्या हातातल्या पुस्तकावर ७+ छापलेलं असेल तर तो ते वर्गात उघडेल का? आणि सात वर्षांच्या हुशार मुलीला ११+ चं पुस्तक दुकानदार देईल का?

हे वाचून मला माझी चूक कळली. मी एकच आकडा शोधत होतो, आणि प्रश्न दोन होते. एक, हिला ती भाषा वाचता येते का? दोन, हिला ते सोसतं का? पहिल्याचं उत्तर पुस्तकात आणि शाळेत मिळतं. दुसऱ्याचं फक्त घरात. 'द लायन, द विच अँड द वॉर्ड्रोब' आठव्या वर्षी बहुतेकांना झेपतं, 'द हॉबिट' मोठ्याने वाचून दाखवलं तर सातव्या वर्षीही. उर्सुला ल गुइन यांचं 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' (१९६८) पानांनी लहान, पण स्वतःच्याच सावलीपासून पळणाऱ्या मुलाची ती गोष्ट अकरा-बाराव्या वर्षी जास्त कळेल. पुलमन यांची त्रयी त्याच्याही नंतर. हे माझे अंदाज. तुमच्या घरात जूनमध्ये काय झालं हे मला माहीत नाही, त्यामुळे ते तुम्ही बदलायचेच आहेत.

*

जानेवारीत मी सुटकेस खाली काढली. आधी स्वतः परत वाचलं. मग लेकीला म्हटलं, "चौथा भाग वाचू, पण दोघं मिळून. रोज एक प्रकरण. आणि यात शेवटी एकजण मरतो, हे तुला आधीच सांगतोय. कधीही थांबावंसं वाटलं तर थांबायचं."

"माहितीय," ती म्हणाली. "वर्गात सगळ्यांना माहितीय."

घ्या! तीन महिने मी जे गुपित माळ्यावर सांभाळत होतो, ते डबा खाताना केव्हाच फुटलं होतं.

महिना-दीड महिना लागला. स्मशानाच्या प्रकरणाला माझाच आवाज कापत होता. ती मात्र शांत होती. हॅरी जिवावर उदार होऊन त्या मुलाचा देह उचलून परत आणतो, त्याच्या आईवडिलांकडे. तिथे तिने मला थांबवलं.

"विक्रमासारखं," ती म्हणाली.

"हो."

मग बराच वेळ काही नाही. मग म्हणाली, "बाबा, आजोबांना घरी आणलं तेव्हा मला मावशीकडे का पाठवलं?"

मंडळी, मी पंधरा वर्षं लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देऊन पोट भरतोय. माझ्याकडे उत्तर नव्हतं. जूनमधल्या त्या पहाटे आम्ही सगळ्या मोठ्यांनी दोन मिनिटांत ठरवून टाकलं होतं, की ती लहान आहे, तिला झेपणार नाही. तिला मावशीकडे नेलं आणि चौथ्या दिवशी परत आणलं. तोवर आजोबांची खाट आवरून झाली होती. हे करताना तिला कुणी विचारलं नव्हतं. तिच्या डोक्यात आजोबा एका संध्याकाळी दवाखान्यात गेले आणि मग नव्हतेच.

"आमचं चुकलं," मी म्हटलं. "तुला भीती वाटेल असं आम्हाला वाटलं."

"मला भीती वाटलीच की," ती म्हणाली. "फक्त आजोबा दिसले नाहीत."

त्या रात्री पुस्तक बाजूला राहिलं. आजोबांना घरी कसं आणलं, कोण कोण आलं होतं, त्यांचा चेहरा कसा दिसत होता, त्यांना कुठलं धोतर नेसवलं, हे सगळं तिने एकेक करून विचारलं आणि मी जमेल तसं सांगितलं. बायको दारात उभी राहून ऐकत होती. उरलेली प्रकरणं आम्ही पुढच्या आठवड्यात संपवली.

दिवा अजून लागतो. एका पुस्तकाने तो बंद झाला असं लिहायला मला आवडलं असतं, पण झालेलं नाही. पाचव्या भागाची मागणी आली आहे. सध्या तो मी वाचतोय, आणि सुटकेसमध्ये आता फक्त कोट आणि जर्नल्स आहेत.